‘डूम’ला वीस वर्षं झाली, तरी वाद संपेना: गेमवरच्या सिनेमांवर प्रेक्षक एवढे का भांडतात?

२१ ऑक्टोबर २००५ रोजी अमेरिकेतल्या थिएटर्समध्ये ‘डूम’ नावाचा सिनेमा लागला. मंगळ ग्रहावरची प्रयोगशाळा, तिथे सुटलेले राक्षसी प्राणी आणि त्यांचा बंदोबस्त करायला पाठवलेली सैनिकांची एक तुकडी, अशी त्याची कथा. पहिल्या शनिवार-रविवारी तो अमेरिकेच्या बॉक्स ऑफिसवर पहिल्या क्रमांकावर होता. दुसऱ्या वीकेंडला त्याची कमाई दोन तृतीयांशाहून जास्त घसरली. सहा ते सात कोटी डॉलर खर्चून बनवलेल्या या सिनेमाने जगभरातून सहा कोटी डॉलरही मिळवले नाहीत.

खरं तर गोष्ट इथेच संपायला हवी होती. पडलेले सिनेमे लोक विसरतात. पण ‘डूम’बद्दलचा वाद वीस वर्षांनंतरही सुरू आहे. काहींच्या मते गेमची वाट कशी लावावी याचा हा नमुना आहे. काहींना तो आता ‘वाटला होता तेवढा वाईट नाही’ असा वाटतो. आणि सिनेमातली पाच मिनिटं अशी आहेत, जी शिव्या घालणारेही पुन्हा पुन्हा बघतात.

हा वाद आज समजून घेण्याचं कारण म्हणजे अशा सिनेमांची रांगच लागली आहे. ‘कॉल ऑफ ड्यूटी’ या युद्धावरच्या गेमवर सिनेमा काढण्याचा करार पॅरामाउंट आणि ॲक्टिव्हिजन यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. ‘गिअर्स ऑफ वॉर’वर नेटफ्लिक्स आणि ‘हेलडायव्हर्स’वर सोनी काम करत आहे. बंदुका, तुकड्या आणि परग्रहावरचे शत्रू यांचा हा सगळा मामला आहे. म्हणजे ‘डूम’च्या वेळी जे प्रश्न पडले होते, तेच पुन्हा समोर येणार आहेत.

मूळ गेममध्ये होतं काय?

‘डूम’ हा गेम आयडी सॉफ्टवेअर या छोट्या कंपनीने १० डिसेंबर १९९३ रोजी आणला. जॉन कारमॅक आणि जॉन रोमेरो ही त्यामागची गाजलेली नावं. गेमचा पहिला भाग फुकट होता. आवडला तर पुढचे भाग पैसे देऊन घ्यायचे. त्यामुळे तो कॉलेजांच्या आणि ऑफिसांच्या कॉम्प्युटरवर झपाट्याने पसरला.

गेममध्ये तुम्ही एक सैनिक असता. त्याला नाव नाही. स्क्रीनवर त्याचं शरीर दिसत नाही. दिसते ती बंदूक धरलेली मूठ आणि खाली पट्टीत एक छोटा चेहरा, जो मार बसेल तसा रक्तबंबाळ होत जातो. एक बडी कंपनी मंगळाच्या चंद्रांवर टेलिपोर्टेशनचे प्रयोग करते आणि त्यातून नरकाचं दार उघडतं. बाकी सगळे मेलेले असतात. उरलेला एकटा सैनिक नरकातल्या राक्षसांशी लढतो.

कथा एवढीच, चार ओळींची. गेममध्ये कथा असावी लागते, पण ती फारशी महत्त्वाची नसते, असं खुद्द कारमॅक यांचं मत होतं. लोक ‘डूम’ खेळायचे ते वेगासाठी आणि अंधाऱ्या बोळात मागून येणाऱ्या गुरगुरण्याच्या आवाजाने अंगावर येणाऱ्या काट्यासाठी.

सिनेमाने काय बदललं?

दिग्दर्शक आंद्रे बार्तकोवियाक यांच्यासमोरची अडचण उघड होती. ज्याला नाव नाही, चेहरा नाही आणि बोलायला सोबतीला माणूस नाही, अशा नायकावर दीड-पावणेदोन तासांचा सिनेमा करायचा कसा?

त्यावरचा उपाय म्हणजे एकट्या सैनिकाच्या जागी आलेली तुकडी. सार्जच्या भूमिकेत ड्वेन जॉन्सन, रीपरच्या भूमिकेत कार्ल अर्बन आणि सोबत ड्यूक, गोट, पोर्टमन, डिस्ट्रॉयर, मॅक आणि ‘द किड’ म्हणजे तुकडीतलं कोवळं पोरगं. रीपरची बहीण सामंथा प्रयोगशाळेतली शास्त्रज्ञ. ही भूमिका रोझमंड पाइक यांनी केली.

सगळ्यात मोठा बदल वेगळाच होता. सिनेमातून नरक काढून टाकण्यात आला. त्या जागी जनुकशास्त्र आलं. सिनेमाच्या कथेनुसार २०२६ साली नेवाडाच्या वाळवंटात मंगळावरच्या प्राचीन शहरात नेणारं दार सापडतं. तिथल्या लोकांनी स्वतःत चोविसावी गुणसूत्र-जोडी तयार केलेली असते. तिच्यामुळे काही जण अतिमानव होतात, तर काही राक्षस. हीच गोष्ट आता माणसांवर वापरली जाते आणि प्रयोगशाळेतली माणसं राक्षस बनू लागतात.

प्रेक्षक नेमके कशावर भडकले?

तक्रारी अनेक होत्या. त्यांची विभागणी केली तर तीन मुद्दे हाती लागतात.

पहिला मुद्दा नरकाचा. गेम खेळलेल्यांसाठी ‘डूम’ म्हणजे नरक. नरक काढला तर उरते ती झॉम्बीपटासारखी कथा, जी ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये २००२ सालीच येऊन गेली होती. गेममधला हवेत तरंगणारा, एक डोळ्याचा लाल राक्षस कॅकोडेमन सिनेमात नाहीच. गेममधली सगळ्यात प्रसिद्ध बंदूक बीएफजी दिसते, पण मोजक्याच वेळा चालते. चाहत्यांना हे ‘पाटी एकाची, माल दुसऱ्याचा’ असं वाटलं.

दुसरा मुद्दा उसनेपणाचा. अंधारे बोगदे, एकेक करून मरणारे सैनिक, बढाईखोर जवान आणि सोबतीला एक शास्त्रज्ञ बाई. जेम्स कॅमेरून यांचा १९८६ चा ‘एलियन्स’ पाहिलेल्या कुणालाही हे ओळखीचं वाटणार. ही तक्रार रास्त आहे. पण त्यात एक गंमतही आहे. मूळ ‘डूम’ गेमही ‘एलियन्स’चं देणं लागतो. आयडी सॉफ्टवेअरने सुरुवातीला ‘एलियन्स’चे हक्क घेऊन गेम करण्याचा विचार केला होता. तो सोडून त्यांनी स्वतःचं जग उभारलं. म्हणजे सिनेमातून गेममध्ये गेलेली गोष्ट बारा वर्षांनी गेममधून पुन्हा सिनेमात आली. या प्रवासात गेमने स्वतःची घातलेली भर, म्हणजे नरक आणि एकटेपणा, मात्र गळून पडली.

तिसरा मुद्दा वेगाचा. गेममध्ये पहिल्या मिनिटापासून धावपळ असते. सिनेमात पहिला बराच वेळ सैनिक टॉर्च घेऊन बोळातून हळूहळू चालतात. या बाबतीत सिनेमा १९९३ च्या गेमपेक्षा २००४ मध्ये आलेल्या ‘डूम ३’ला जवळचा आहे. तो गेमही अंधारा, संथ आणि भयपटाच्या वळणाचा होता. त्यामुळे कोणता ‘डूम’ खेळून तुम्ही मोठे झालात, यावरही मत ठरत गेलं.

ती पाच मिनिटं

सिनेमाच्या शेवटाकडे रीपर जखमी होतो. बहीण त्याला ते गुणसूत्राचं इंजेक्शन देते. तो शुद्धीवर येतो आणि कॅमेरा थेट त्याच्या डोळ्यांत शिरतो. पुढची जवळपास पाच मिनिटं पडद्यावर दिसते फक्त समोर धरलेली बंदूक. वळणावरून राक्षस येतात, गोळ्या सुटतात, दारं उघडतात आणि शेवटी हातात चेनसॉ येते. अगदी गेमसारखं.

व्हिज्युअल इफेक्ट्सचं काम पाहणाऱ्या जॉन फरहात यांनी उभा केलेला हा प्रसंग त्या वेळी मोठ्या व्यावसायिक सिनेमात नवा होता. पुढे ‘हार्डकोर हेन्री’ या सिनेमाने हीच युक्ती पूर्ण लांबीसाठी वापरली. सिनेमा न आवडलेले लोकही हा प्रसंग अपवाद म्हणून सांगतात. काहींना मात्र हीच पाच मिनिटं सगळ्यात कंटाळवाणी वाटली. प्रसिद्ध अमेरिकन समीक्षक रॉजर एबर्ट यांनाही हा सिनेमा आवडला नाही.

एका परीक्षणातून पेटलेला मोठा वाद

एबर्ट यांनी ‘डूम’ला एकच स्टार दिला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा होता, की हा सिनेमा पाहणं म्हणजे शेजारच्या पोराने घरी येऊन तुमच्या कॉम्प्युटरवर गेम खेळत बसावं आणि तुम्हाला हातही लावू देऊ नये, तसं आहे.

यावर एका वाचकाने आक्षेप घेतला, की गेमचा अनुभव पडद्यावर आणल्याबद्दल सिनेमाचं कौतुक व्हायला हवं. चर्चा वाढत गेली. नोव्हेंबर २००५ मध्ये वाचकांच्या प्रश्नांना उत्तर देताना एबर्ट यांनी भूमिका मांडली, की गेम हे माध्यमच सिनेमा आणि साहित्यापेक्षा खालच्या पायरीवरचं आहे. कारण गेममध्ये खेळणारा निर्णय घेतो, तर कलाकृतीवर लेखकाचं नियंत्रण असावं लागतं. २०१० मध्ये त्यांनी गेम कधीच कला होऊ शकत नाहीत, असा लेख लिहिला. त्यावर हजारो प्रतिक्रिया आल्या. काही महिन्यांनी त्यांनी कबूल केलं, की गेम न खेळता हे बोलायला नको होतं. मत मात्र बदललं नाही.

एका पडेल सिनेमावरच्या परीक्षणातून ‘गेम ही कला आहे का’ हा जगभर गाजलेला वाद वाढला, हे आज फार कमी जणांना आठवतं.

एबर्ट यांची उपमा मात्र काळाच्या ओघात उलटली. दुसऱ्याला गेम खेळताना बघणं हीच आज एक मोठी करमणूक आहे. २०११ मध्ये ट्विच सुरू झालं. यूट्यूबवर गेमिंगचे लाइव्ह व्हिडिओ तासन्‌तास चालतात आणि त्यांना भारतातही, महाराष्ट्रातल्या शहरांत आणि तालुक्याच्या गावांतही, भरपूर प्रेक्षक आहे. म्हणजे ‘बघण्यात’ कंटाळा नाही. फरक असा, की लाइव्ह खेळणारा पुढच्या क्षणी हरू शकतो आणि ते त्यालाही माहीत नसतं. सिनेमातला रीपर त्या पाच मिनिटांत मरणार नाही, हे सगळ्यांना माहीत असतं.

टक्केवारी वाचताना काय लक्षात ठेवायचं?

‘रॉटन टोमॅटोज’ या साइटवर ‘डूम’ला समीक्षकांकडून २० टक्क्यांहून कमी आणि प्रेक्षकांकडून एक तृतीयांशाच्या आसपास पसंती आहे. आयएमडीबीवर तो दहापैकी पाचच्या घरात आहे. हे आकडे परस्परविरोधी वाटतात. पण ते वेगवेगळ्या गोष्टी मोजतात.

रॉटन टोमॅटोजवरची समीक्षकांची टक्केवारी म्हणजे गुण नव्हेत. १०० पैकी किती समीक्षकांनी सिनेमा ‘बघण्यासारखा’ ठरवला, एवढंच ती सांगते. सगळ्यांनी ‘ठीकठाक, पण नाही आवडला’ असं म्हटलं तर टक्केवारी शून्यावर येईल. प्रेक्षकांची टक्केवारी म्हणजे पाचपैकी साडेतीन किंवा जास्त स्टार देणाऱ्यांचं प्रमाण. आयएमडीबीचा आकडा मात्र सरासरीच्या जवळ जाणारा असतो.

गेमवरच्या सिनेमांच्या बाबतीत अजून एक गोष्ट होते. मत देणाऱ्यांत दोन टोकं जास्त असतात. गेमवर जीव असलेले चाहते एक किंवा पाच स्टार देतात. गेम न खेळलेला, एका संध्याकाळची करमणूक म्हणून आलेला प्रेक्षक बहुतेक वेळा मत द्यायला जातच नाही. म्हणून आकड्यात जो राग दिसतो, तो सगळ्या प्रेक्षकांचा असेलच असं नाही.

मूळ गेमशी प्रामाणिक राहिलं की झालं?

चाहत्यांची नेहमीची मागणी असते, गेममध्ये आहे तसं दाखवा. पण इतिहास काही वेगळंच सांगतो.

अंतराळयुद्धावरच्या ‘विंग कमांडर’ गेमचा सिनेमा मार्च १९९९ मध्ये आला. दिग्दर्शक होते क्रिस रॉबर्ट्स, म्हणजे गेमचेच जनक. याहून प्रामाणिक माणूस कुठे मिळणार? तरीही चाहते नाराज झाले. गेमच्या पुढच्या भागांत मार्क हॅमिल यांनी रंगवलेला नायक इथे दुसऱ्याच चेहऱ्याने आला. मांजरासारखे दिसणारे किलराथी शत्रू ओळखू येईनासे झाले. या सिनेमासोबत ‘स्टार वॉर्स’च्या नव्या भागाचा ट्रेलर दाखवला जात होता, आणि आज अनेकांना आठवतो तो ट्रेलरच. २००१ मध्ये हिरोनोबू साकागुची यांनी स्वतःच्याच ‘फायनल फँटसी’वर केलेला ‘द स्पिरिट्स विदिन’ही तोट्यात गेला.

खुद्द ‘डूम’चाही पुरावा आहे. २०१९ मध्ये ‘डूम: ॲनायहिलेशन’ हा दुसरा सिनेमा थेट होम व्हिडिओवर आला. त्यात नरक परत आणला होता, म्हणजे चाहत्यांची मुख्य मागणी मान्य झाली होती. तरीही ट्रेलरपासूनच टीका सुरू झाली. ‘डूम’ गेमच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून ‘या सिनेमाशी आमचा संबंध नाही’ असं सांगण्यात आलं.

उलट बाजूला ‘हेलो’ ही मालिका आहे. २०२२ मध्ये आलेल्या या मालिकेच्या पहिल्याच भागात नायक मास्टर चीफ हेल्मेट काढतो. गेममध्ये वीस वर्षं त्याचा चेहरा खेळणाऱ्यांना नीट दिसलेला नव्हता. मालिकेच्या एका निर्मात्याने तर लिहिताना गेमकडे पाहिलंच नाही, असं सांगितलं. चाहते संतापले. नवीन प्रेक्षकांपैकी काहींना मालिका आवडली, पण दोन सीझननंतर जुलै २०२४ मध्ये ती बंद झाली.

हेल्मेटवरून एवढा राग का? कारण त्या हेल्मेटच्या आत खेळणारा स्वतः असतो. चेहरा दिसला की ‘मी’ संपतो आणि ‘तो’ सुरू होतो. ‘डूम’च्या नायकाला नाव नव्हतं, ते याच कारणासाठी. कादंबरीवरचा सिनेमा पाहून ‘माझ्या मनातला नायक असा नव्हता’ म्हणणारा वाचक आपल्याला माहीत आहे. गेमचा चाहता त्याच्या एक पाऊल पुढे असतो. त्याच्यासाठी नायक मनातला नसतो, तो स्वतःच नायक असतो.

सिनेमाला जमलं, पण कुणी फारसं बोललं नाही

‘डूम’मध्ये एक प्रसंग आहे. प्रयोगशाळेतून कुणी बाहेर पडू नये म्हणून सार्ज आदेश देतो, की आतल्या सगळ्यांना मारा. बाधा झालेली असो वा नसो. ‘द किड’ला एका खोलीत लपलेली माणसं सापडतात. ती धडधाकट असतात. तो मारायला नकार देतो. आदेश मोडला म्हणून सार्ज त्याला जागीच गोळी घालतो.

इथून सिनेमातला खरा राक्षस कोण, हे बदलतं. आदेश पाळणं म्हणजे शिस्त की गुन्हा, हा सैनिकी कथांमधला फार जुना प्रश्न आहे. १९९३ च्या गेममध्ये तो येऊच शकत नव्हता. तिथे आदेश देणारा कुणी नव्हता, नकार देणारा कुणी नव्हता आणि समोर येणारं सगळं मारण्यासाठीच होतं. म्हणजे ज्या तुकडीमुळे चाहते चिडले, तिच्यामुळेच सिनेमाला स्वतःचं काही सांगता आलं. दुर्दैवाने सिनेमा त्या प्रश्नावर थांबत नाही. काही मिनिटांतच तो पुन्हा गोळीबाराकडे वळतो.

आज ‘डूम’ची बाजू घेणारे प्रेक्षक या प्रसंगाकडे, तसंच स्टॅन विन्स्टन यांच्या स्टुडिओने प्रत्यक्ष बनवलेल्या राक्षसांच्या पोशाखांकडे बोट दाखवतात. मत मवाळ होण्याला अजून एक कारण आहे. कार्ल अर्बन, रोझमंड पाइक आणि ड्वेन जॉन्सन हे तिघेही नंतर खूप मोठे झाले. ‘द बॉइज’ किंवा ‘गॉन गर्ल’ पाहून आलेला प्रेक्षक आता त्यांच्या जुन्या कामाकडे कुतूहलाने पाहतो. पाइक यांनी स्वतः नंतरच्या एका मुलाखतीत प्रांजळपणे मान्य केलं, की हा गेम चाहत्यांसाठी काय आहे, हे त्या वेळी आपल्याला कळलंच नव्हतं.

मग चाहत्यांचं ऐकायचं की नाही?

ऐकल्याचा फायदा झाल्याचं उदाहरण आहे. २०१९ मध्ये ‘सॉनिक’च्या ट्रेलरवर टीकेची झोड उठली. स्टुडिओने प्रदर्शन पुढे ढकललं, पात्राचं रूप बदललं आणि २०२० मध्ये सिनेमा चालला. त्यानंतर ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ने १३० कोटी डॉलरहून जास्त कमाई केली. ‘द लास्ट ऑफ अस’ आणि ‘फॉलआउट’ या मालिका समीक्षकांनाही आवडल्या. ‘गेमवरचा सिनेमा म्हणजे पडणारच’ हा समज आता मागे पडला आहे.

पण ‘फॉलआउट’ने गेममधली कुठलीही एक कथा जशीच्या तशी घेतली नाही. तिने ते जग घेतलं, त्याचा तिरकस विनोद घेतला आणि माणसं नवी आणली. ‘सॉनिक’मध्ये बदललं ते पात्राचं दिसणं, कथा नव्हे. चाहत्यांना प्रत्येक घटना जशीच्या तशी हवी असते असं नाही. जे खेळताना वाटलं, ते बघताना ओळखू यावं, एवढी त्यांची अपेक्षा असते.

‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या सिनेमासमोर हाच पेच असेल. तो गेम कोट्यवधी लोक खेळतात आणि प्रत्येकाच्या डोक्यातला सैनिक वेगळा आहे. पडद्यावर त्यातला एकच दिसणार. म्हणजे पहिल्या ट्रेलरच्या दिवशी भांडण होणार, हे आत्ताच सांगता येतं. ते भांडण टोपीच्या रंगावरून किंवा बंदुकीच्या आवाजावरून सुरू झालं, तरी त्यामागे प्रश्न ‘डूम’चाच असेल. इतकी वर्षं ज्याच्या जागी आपण उभे होतो, त्याच्या जागी आता दुसरा उभा आहे. त्याला तिथे बघायचं कारण सिनेमा देतो का?

‘डूम’ने ते पाच मिनिटांत दिलं, असं काहींना वाटतं. आदेश नाकारणाऱ्या त्या पोराच्या प्रसंगात दिलं, असं काहींना वाटतं. बाकीच्यांना अजूनही वाटतं, की पैसे परत मिळायला हवे होते.